पहिली आइस हॉकी स्पर्धा १९१०, १९२० की १९३०? आणि एकच गोल करून ब्राँझ कसं मिळतं?

एकांनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या क्विझमध्ये विचारलं, आइस हॉकीची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा कधी झाली. यांच्या टीमने १९२० सांगितलं, क्विझमास्तरने १९३० बरोबर धरलं आणि राउंड हातचा गेला. घरी येऊन शोधलं तर तिसरंच साल सापडलं, १९१०. आणि शोधता शोधता असे स्कोअर दिसले की यांना वाटलं कुणीतरी टाइप करताना झोपलं होतं, २९–०, ३३–०, आणि एका टीमने अख्ख्या ऑलिम्पिकमध्ये एक गोल करून ब्राँझ घरी नेलं. तर खरं साल कुठलं आणि हे आकडे खरे आहेत का.

आकडे खरे आहेत, हे आधीच सांगून टाकतो. सालाचं जरा लांबण लावायला लागेल.

मी सव्वीस वर्षं एका दैनिकाच्या क्रीडा पानावर काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत, आता रिटायर झालोय आणि क्विझचे प्रश्न काढून देतो, जुन्या स्पर्धांचे तक्ते जुळवत बसायचा नाद आहे. आइस हॉकी कधी खेळलेलो नाही. स्केट्सवर आयुष्यात एकदा उभा राहिलो आणि लगेच बसलो. त्यामुळे खेळाच्या डावपेचांवर मला विचारू नका, पण कुठली मॅच कधी झाली, कोण कोणाच्या नावाने खेळलं आणि नंतर त्या मॅचला कोणी काय नाव दिलं, यावर बोलू शकतो.

तुमची खरी अडचण साल नाहीये, "पहिली" हा शब्द आहे. पहिली कोणाच्या हिशोबाने? आणि ती खेळली जात होती तेव्हा तिला काय म्हणायचे, की ते नाव नंतर चिकटवलं? या खेळात गंमत अशी झालीय की सुरुवातीच्या बऱ्याच स्पर्धांना आज आपण ज्या नावाने ओळखतो ते नाव मैदानावर असलेल्या लोकांना माहीतच नव्हतं. १९२४ साली फ्रान्समधल्या शामोनीला जे खेळले ते स्वतःला हिवाळी ऑलिम्पिक खेळाडू समजत नव्हते, तिथे "आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह" चालला होता, त्याला पहिलं हिवाळी ऑलिम्पिक म्हणायचं हे नंतर ठरलं. १९२० च्या बेल्जियममधल्या अँटवर्पचंही तेच, खेळले ऑलिम्पिक म्हणून आणि खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मागाहून तिलाच पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप धरलं. त्यामुळे तक्त्याचं हेडिंग वाचून उत्तर दिलंत तर माणूस फसतो. मीही फसलोय, ते पुढे सांगतो.

सुरुवात करू १९०८ पासून. मे महिन्यात पॅरिसला लुई मॅग्नस नावाच्या फ्रेंच माणसाने बैठक बोलावली आणि आंतरराष्ट्रीय संघटना काढली, आजच्या जागतिक संघटनेचं मूळ तेच. फ्रान्स, बेल्जियम, ब्रिटन, स्वित्झर्लंड, आणि त्याच वर्षी बोहेमिया येऊन मिळाला. आता यादी परत वाचा. कॅनडा नाही. ज्या देशात हा खेळ गल्लीगल्लीत चालायचा, जिथे त्याचे नियम लिहिले गेले, तो देशच नाही, अमेरिकाही नाही. हे दोघं थेट १९२० मध्ये आले. म्हणजे पहिली बारा वर्षं हा युरोपातल्या हौशी लोकांचा घरगुती मामला होता, आणि त्यातला अर्धा युरोप तोवर बर्फावर पक नावाच्या चपट्या चकतीऐवजी बॉल घेऊन खेळायचा, बँडी म्हणतात तो प्रकार. बोहेमियाची मंडळी घरी बँडीच खेळायची आणि १९०९ च्या जानेवारीत शामोनीच्या स्पर्धेला गेली ती चारच्या चार मॅच हरून आली.

आणि आता बघा, हीच टीम दोन वर्षांनी १९११ मध्ये बर्लिनला युरोपियन चॅम्पियन झाली. मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात आवडता भाग हा आहे, कॅनडाबिनडा राहू दे बाजूला.

१९१० चं जे साल तुम्हाला सापडलं ती पहिली युरोपियन चॅम्पियनशिप. स्वित्झर्लंडमध्ये मोंत्रोच्या वर डोंगरात ले-झाव्हाँ म्हणून छोटं गाव आहे, तिथे उघड्यावर, जानेवारीच्या १० ते १२ तारखेला. चार टीम, ब्रिटन, जर्मनी, बेल्जियम, स्वित्झर्लंड, याच क्रमाने नंबर लागले. पण ब्रिटन म्हणजे काय, तर लंडनचा प्रिन्सेस क्लब. देशभरातून निवडलेली टीम वगैरे काही नाही. शिवाय त्याच ठिकाणी ऑक्सफर्ड कॅनेडियन्स नावाची टीम पण होती, ऑक्सफर्डला शिकायला आलेले कॅनेडियन विद्यार्थी, ते सगळ्यांशी खेळले पण स्पर्धेबाहेर, तक्त्यात त्यांचं नाव नाही. माझ्यासारख्या तक्तेवाल्याची इथे पहिली दांडी उडते, कारण जुन्या कुठल्याही यादीत या मॅच घुसलेल्या असल्या तर बेरीज जुळत नाही.

बोहेमियाचंही तसंच बघा. १९११ मध्ये बोहेमिया हा देश नव्हता, ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा भाग होता, पण हॉकीत स्वतंत्र सभासद. मग पुढच्या वर्षी १९१२ मध्ये प्रागला स्पर्धा झाली, बोहेमिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया, बोहेमिया परत जिंकला, आणि मग जर्मनीने हरकत घेतली की ऑस्ट्रिया तर अजून संघटनेचा रीतसर सभासदच नाही. झालं, अख्खी स्पर्धा रद्द. म्हणजे लोकांनी थंडीत उभं राहून बघितलेल्या, गोल झालेल्या मॅच, आणि कागदावर त्या झाल्याच नाहीत. १९१३ ला म्युनिकमध्ये बेल्जियम जिंकलं, १९१४ ला बर्लिनमध्ये पुन्हा बोहेमिया, आणि मग युद्ध.

तर १९१० हे उत्तर चूक नाही. "पहिली अधिकृत युरोपियन स्पर्धा" असा प्रश्न असेल तर तेच उत्तर. नुसतं "आंतरराष्ट्रीय" म्हणालात तर १९०९ ची शामोनीची स्पर्धा पण दावा सांगते, कारण तिथेही वेगवेगळ्या देशांचे लोक एकमेकांशी खेळलेच की.

आता अँटवर्प, १९२०. इथे जरा रेंगाळणार आहे कारण तुमच्या ब्राँझच्या कोड्याचं उत्तर इथेच आहे आणि माझी फजितीही.

हे उन्हाळी ऑलिम्पिक. पण आइस हॉकी एप्रिलमध्येच उरकली, २३ ते २९ तारीख, मुख्य स्पर्धा उन्हाळ्यात. बंदिस्त हॉल, कृत्रिम बर्फ, रुंदी जेमतेम अठरा मीटर, आणि त्यावर दोन्हीकडचे मिळून चौदा जण, कारण तेव्हा सात-सात खेळायचे, रोव्हर नावाचा सातवा माणूस असायचा जो कुठेही फिरायचा. आज सहा-सहा असतात आणि मैदान बरंच रुंद असतं. सात टीम होत्या, कॅनडा, अमेरिका, चेकोस्लोव्हाकिया, स्वीडन, स्वित्झर्लंड, फ्रान्स, बेल्जियम. स्वीडनचं तर असं की त्यांच्या देशात आइस हॉकी जवळपास नव्हतीच, राउल ल माट नावाच्या एका सिनेमावाल्या अमेरिकन माणसाने त्यांना गळ घातली की टीम पाठवा, म्हणून बँडीचे खेळाडू गोळा केले, दोन-चार जण जर्मनीत खेळलेले होते ते घेतले, आणि गेले. त्याच्याच नावाचा चषक आज स्वीडनच्या राष्ट्रीय विजेत्याला मिळतो.

नव्वदीच्या दशकात एका हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी मला क्रीडा पानासाठी इतिहासाची चौकट करायला सांगितली होती. रात्रीचे साडेअकरा, पान लागायची घाई, माझ्यासमोर अँटवर्पच्या मॅचची तारखेप्रमाणे यादी. मी काय केलं, सगळ्यात शेवटची मॅच बघितली, २९ एप्रिल, चेकोस्लोव्हाकिया १, स्वीडन ०, आणि बिनधास्त लिहून टाकलं की १९२० चं सुवर्ण चेकोस्लोव्हाकियाने फायनलमध्ये स्वीडनला १–० हरवून जिंकलं. शेवटची मॅच म्हणजे फायनल, अजून काय असणार! चौथ्या दिवशी एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, साताऱ्याहून, निळ्या शाईत, वळणदार अक्षर. "आपल्या चौकटीतील विजेता संघ हा प्रत्यक्षात तिसरा आला होता." बास, एवढंच. रागावला असता तर परवडलं असतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. आता मी कुठल्याही जुन्या स्पर्धेचा आधी तक्ता वाचतच नाही. एका वहीत सगळ्या मॅच तारखेने उतरवतो, प्रत्येक टीमने केलेले आणि खाल्लेले गोल मांडतो आणि शेवटी बेरीज करतो. अख्ख्या स्पर्धेत केलेले गोल आणि खाल्लेले गोल सारखेच यायला हवेत, आपल्या खतावणीत जमा आणि नावे जुळतात तसं. जुळलं नाही तर कुठेतरी एखादी मॅच जास्त आहे किंवा एखादा स्कोअर उलटा लिहिलाय. अँटवर्पच्या दहा मॅच, गोल ९९, दोन्ही बाजूंनी ९९. म्हणजे तुम्हाला दिसलेला २९–० हा टाइपिंगचा घोळ नाही, तो काढला तर बेरीजच कोसळते. ती मॅच अमेरिका विरुद्ध स्वित्झर्लंड.

आणि तारखेने मॅच मांडल्या की ब्राँझचं कोडंही सुटतं. बघा कसं. २३ ते २६ एप्रिल साधी बाद फेरी चालते. कॅनडा चेकोस्लोव्हाकियाला १५–० हरवतो, मग अमेरिकेला २–०, मग २६ तारखेला स्वीडनला १२–१. सुवर्ण तिथेच संपलं. पण मॅच थांबत नाहीत! २७ ला अमेरिका स्वीडनला ७–० हरवते, २८ ला अमेरिका चेकोस्लोव्हाकियाला १६–०. मग २८ लाच स्वीडन स्वित्झर्लंडला ४–० आणि २९ ला ती माझी बदनाम १–०.

याला बेर्गव्हाल पद्धत म्हणतात, एका स्वीडिश माणसाच्या नावावरून. कल्पना अशी की विजेत्याशी पहिल्याच फेरीत गाठ पडली म्हणून एखादी चांगली टीम फुकट बाहेर जाऊ नये. त्यामुळे सुवर्ण ठरल्यावर, जे जे सुवर्णवाल्याकडून हरले त्यांच्यात रौप्यासाठी वेगळी स्पर्धा. मग जे जे सुवर्णवाल्याकडून किंवा रौप्यवाल्याकडून हरले त्यांच्यात ब्राँझसाठी अजून एक. कॅनडाने हरवलेले तिघं म्हणजे चेकोस्लोव्हाकिया, अमेरिका, स्वीडन, त्यातून अमेरिका दुसरी. मग ब्राँझला स्वित्झर्लंड पण आत, कारण ते अमेरिकेकडून हरले होते. फ्रान्स आणि बेल्जियम मात्र कायमचे बाहेर, कारण ते स्वीडनकडून हरले आणि स्वीडन दुसरा आला नाही. म्हणजे इथे कोणाकडून हरलात हे महत्त्वाचं, कितीने हरलात याला काही किंमतच नाही, १५–० काय आणि १–० काय.

म्हणून चेकोस्लोव्हाकियाचा हिशोब असा दिसतो, तीन मॅच, ०–१५, ०–१६, १–०, एकूण १ गोल केला ३१ खाल्ले, ब्राँझ. योसेफ श्रोउबेकने केला तो गोल. आणि स्वीडन बिचारा सात दिवसांत सहा मॅच खेळला, तीन जिंकला, १७ गोल केले २० खाल्ले, आणि पदक नाही. चेक टीमने मधले तीन दिवस, २५ ते २७, आराम केला होता आणि स्वीडन रोज बर्फावर. मला विचाराल तर ती १–० मॅच पायांनी ठरवली.

एक गोल करून पदक हे विचित्र वाटत असेल तर आपल्याच हॉकीतलं उदाहरण देतो. १९३२ लॉस एंजेलिस, भारताने अमेरिकेला २४–१ हरवलं, रूपसिंगचे १० आणि ध्यानचंदचे ८, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण पुढचं कोणी सांगत नाही की अमेरिका जपानकडूनही ९–२ हरली आणि तरी ब्राँझ घेऊन गेली, कारण तीनच टीम आल्या होत्या. मंदीचे दिवस, बोटीचं भाडं कोणाला परवडतंय. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिम्पिकला आइस हॉकीतही असंच, चारच टीम, कॅनडा, अमेरिका, जर्मनी, पोलंड, म्हणून प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळून वेळ भरून काढला.

आता ३३–० कडे येऊ. त्यासाठी "कॅनडा" म्हणजे कोण ते आधी समजून घ्यायला हवं.

कॅनडाची राष्ट्रीय टीम अशी काही नसायची. त्यांच्याकडे हौशी क्लबांसाठी अॅलन कप होता, तो जिंकलेला क्लब कॅनडाचा शर्ट घालून जायचा. रणजी जिंकलेली मुंबईची टीम तशीच्या तशी उचलून भारत म्हणून पाठवली असं समजा. व्यावसायिक खेळाडूंना बंदीच होती, म्हणजे एनएचएल या व्यावसायिक लीगमधले चांगले लोक घरीच. तरी फरक पडत नव्हता.

१९२० मध्ये गेले ते विनिपेग फाल्कन्स. जवळजवळ सगळे आइसलँडहून आलेल्या कुटुंबांतली पोरं, शहरातल्या बाकीच्या टीम यांना आपल्यात घ्यायला तयार नसायच्या म्हणून आपल्यातच खेळून मोठी झाली. मग युद्धात गेली, २२३ व्या बटालियनमध्ये, दोघं परत आले नाहीत. परत येऊन पुन्हा टीम बांधली, अॅलन कप जिंकला, आणि जहाजाची वेळ इतकी जवळ होती की घरी जायलाही सवड मिळाली नाही, तिथूनच बंदरावर. काठ्यासुद्धा जहाजावर सुताराकडून करून घेतल्या म्हणतात. कॅप्टन फ्रँक फ्रेडरिक्सन, तीन मॅचमध्ये १२ गोल. स्वीडनविरुद्ध १२–१ मध्ये जो १ आहे ना, त्यावर स्वीडनवाले सुवर्ण जिंकल्यासारखे नाचले. आख्ख्या स्पर्धेत कॅनडाने खाल्लेला तेवढा एकच गोल.

१९२४ ला शामोनीमध्ये टोरंटो ग्रॅनाइट्स. त्यांचे स्कोअर एका श्वासात वाचा, चेकोस्लोव्हाकिया ३०–०, स्वीडन २२–०, स्वित्झर्लंड ३३–०, हे तीन लागोपाठच्या दिवशी, म्हणजे तीन दिवसांत ८५ गोल. मग ब्रिटन १९–२, फायनलला अमेरिका ६–१. एकूण ११०–३. आणि अमेरिका फायनलला येईपर्यंत ७२–० होती बरं का. म्हणजे युरोपातली कुठलीही टीम या दोघांपैकी कोणासमोरही पडली की तेच व्हायचं.

का, याला मी तीन कारणं धरतो पण त्यातलं खरं वजन एकालाच आहे, बर्फ. कॅनडातल्या पोराला वर्षातले चार-पाच महिने घराबाहेर फुकट बर्फ. प्राग किंवा स्टॉकहोमला काही आठवडे, तेही थंडी पडली तर. कृत्रिम बर्फाची मैदानं त्या दोन्ही शहरांत १९३० च्या आसपास आली आणि योगायोग बघा, त्यानंतरच स्कोअर खाली यायला लागतात. १९३१ मध्ये स्वीडनने कॅनडाला ०–० रोखलं, सात वर्षांपूर्वीच्या २२–० नंतर! बाकीची दोन कारणं म्हणजे एक, ग्रॅनाइट्स वर्षानुवर्षं एकत्र खेळलेला क्लब होता, आणि दोन, युरोपवाले मुळात बँडीतून आलेले, त्यांच्या हाताला बॉलची सवय.

हा बॉल आणि पकचा फरक मला वाचून कधी नीट कळला नव्हता. काही वर्षांपूर्वी मुलीकडे टोरंटोजवळ गेलो होतो, नातवाची प्रॅक्टिस सकाळी सहाला, म्हणून पाचला उठून मी पण. बाकावर बसलो तर थंडी पँटमधून आत. कोचने एक पक माझ्या हातात दिला. तीन इंच रुंद, एक इंच जाड, काळं टणक रबर, आणि वजन म्हणाल तर हुबेहूब आपल्या क्रिकेट बॉलचं, खरंच, नियमात १५६ ते १७० ग्रॅम लिहिलंय. फक्त हा गोल नाही, चपटा, आणि तिथे तो फ्रीझरमधून काढून आणतात म्हणजे उसळत नाही, बर्फाला चिकटून सरकतो. बॉल ठोकायची सवय असलेला माणूस याला मारायला गेला की काठी वरून जाते, ढकलायचा-खेचायचा प्रकार आहे तो. तेव्हा मला बोहेमियाच्या त्या चार पराभवांची दया आली.

दुसरं म्हणजे तिथले कडेचे बोर्ड. माझ्या छातीपर्यंत उंच, त्यावर काच, पक आपटला की गोदामाचं शटर पाडल्यासारखा आवाज. पोरं मुद्दाम बोर्डावर आपटून पास देतात. शामोनीला १९२४ मध्ये हेच बोर्ड फूटभर उंच होते, उघड्यावर, वरून ऊन. पक उडाला की बाहेर बर्फात, मग शोधा. जुने फोटो बघाल तर खेळाडू मैदानात नाही, शेतात उभे आहेत असं वाटतं.

उघड्यावरच्या या बर्फानेच १९३० चा घोळ घातला, म्हणजे तुमच्या क्विझमास्तरचं साल. ऑलिम्पिकपासून वेगळी अशी ही पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप, बारा टीम, जपान पण पहिल्यांदा आला. ठिकाण शामोनी. आणि बर्फ वितळायला लागला. मग उचला सगळं आणि बर्लिनला न्या, काही खेळ व्हिएन्नाला. कॅनडाचे टोरंटो सीसीएम्स तर इतके वरचढ मानले जायचे की त्यांना सरळ फायनलमध्ये बसवलं होतं, बाकीच्यांनी आपसात खेळून एक आव्हानवीर ठरवायचा. जर्मनी आली, ६–१ हरली, १० फेब्रुवारी, बर्लिन. एक मॅच खेळून जगज्जेते. आज असं केलं तर लोक खुर्च्या फेकतील.

मध्येच थोडक्यात सांगून टाकतो, वहीत लिहून घ्या. पहिली युरोपियन चॅम्पियनशिप १९१०, ले-झाव्हाँ. ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा १९२०, अँटवर्प, आणि आजच्या अधिकृत यादीत पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप पण हीच. पहिलं हिवाळी ऑलिम्पिक १९२४, शामोनी. स्वतंत्रपणे भरवलेली पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप १९३०. हे चारही बरोबर आहेत, प्रश्न कसा विचारला त्यावर आहे. नुसतं "पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा" असं विचारून १९३० बरोबर धरणं मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही, त्याआधी वीस वर्षं देश देशाशी खेळत होते.

उत्तरं बाजूला ठेवून अजून एक सांगतो कारण पुढच्या क्विझला हा येणार म्हणजे येणार. कॅनडा पहिल्यांदा कधी हरला? वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये १९३३, प्राग, अमेरिकेने जादा वेळेत २–१ ने हरवलं. पण ऑलिम्पिकमध्ये १९३६, जर्मनीतलं गार्मिश, आणि हरवलं ब्रिटनने, तेही २–१. इथे परत तेच, ब्रिटन म्हणजे कोण? गोलकीपर जिमी फॉस्टर, जन्म ग्लासगोचा पण वाढला विनिपेगमध्ये. विजयी गोल करणारा एडगर ब्रेंचली, जन्म इंग्लंडचा, वाढला कॅनडात. बरीचशी टीम अशीच, जन्मदाखला ब्रिटिश आणि हॉकी कॅनेडियन. आपल्याकडे गावच्या टेनिस-बॉल टूर्नामेंटला बाहेरगावचे प्लेअर आणतात आणि म्हणतात याचं आजोळ इथलंच आहे, तसं. कॅनडाने फॉस्टरवरून आधीच तक्रार केली होती. त्यात भर म्हणजे नियम असा की आधीच्या फेरीतला निकाल पुढच्या फेरीत तसाच धरायचा, म्हणजे ब्रिटनकडून एकदा हरलात तर परत खेळून वचपा काढायची संधीच नाही. कॅनडावाले भडकले, आम्हाला हे आधी नीट सांगितलं नव्हतं म्हणाले, पण निकाल राहिला तो राहिला. ब्रिटनचं आइस हॉकीतलं ते एकमेव ऑलिम्पिक सुवर्ण.

तर तुमच्या राउंडचं. माझी क्विझ असती आणि कोणी हरकत घेतली असती तर मी प्रश्न रद्द करून दोन्ही टीमला राखीव प्रश्न दिला असता. क्विझमास्तरला भेटायचं असेल तर भांडू नका, त्याला फक्त विचारा की मग १९२० मध्ये कॅनडा आणि अमेरिका २–० खेळले ती मॅच गावातली होती का. आणि १९१० चं नाव तुम्ही काढू नका, तुम्ही ते सांगितलंच नव्हतं.